दोन सूत इकडे, दोन सूत तिकडे

भिंतभर पिवळ्या, गुलाबी, पोपटी चिकट चिठ्ठ्या. एसी कॉन्फरन्स रूम, मार्करचा वास, गार झालेले सामोसे आणि 'डिझाइन थिंकिंग'चं वर्कशॉप. तुम्ही आयटीत असा, बँकेत असा नाहीतर विमा कंपनीत, यातून एकदा तरी गेला असालच. युजर कोण? प्रॉब्लेम काय? चला प्रोटोटाइप करू, फीडबॅक घेऊ, इटरेट करू! संध्याकाळी सहाला सगळे आपापल्या एक्सेल शीटकडे परत, आणि चिठ्ठ्या हाऊसकीपिंगवाल्या मावशींच्या पिशवीत.

हेच शब्द आता शाळेतही पोचलेत. इंग्लंडमध्ये 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा विषय १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅब्जची योजना आली, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच मुलांच्या हाताला काम द्या म्हटलं. चांगलंच आहे. आमच्या वेळी 'कार्यानुभव' होता. कागदी फुलं, मेणबत्त्या, क्रेपची तोरणं. निम्म्या वस्तू आयांनी रात्री जागून केलेल्या असायच्या आणि शाळेलाही ते माहीत असायचं. असो.

तर या नव्या विषयाच्या मराठी माध्यमातल्या शिक्षकांसाठी शब्दसूची करण्याचं काम गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलं. पन्नासेक शब्द. प्रत्येकाला सोपा मराठी शब्द आणि रोजच्या आयुष्यातलं एक उदाहरण. फ्रीलान्सरला असं काम म्हणजे दोन महिन्यांचं भाडं. मी कोश काढले आणि कामाला लागले.

पहिलाच शब्द 'डिझाइन'. सरकारी हिंदी सांगते 'अभिकल्प'. आपलं बांधकाम खातं म्हणतं 'संकल्पचित्र'. पूल आणि इमारती कशा उभ्या राहाव्यात हे ठरवणारं खरंखुरं संकल्पचित्र मंडळ आहे सरकारात. शब्द वाईट नाही, पण सातवीतल्या पोराला 'बाळा, संकल्पचित्र काढ' म्हटलं तर तो गणपती काढेल. 'प्रोटोटाइप'ला 'नमुना'. आता 'काय नमुना आहे!' हे मराठीत कुणाला उद्देशून म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. 'इव्हॅल्युएशन'ला 'मूल्यमापन'. हा शब्द ऐकला की अजूनही माझ्या पोटात सहामाहीचा गोळा येतो. 'ट्रेड-ऑफ'ला 'तडजोड'. अर्थ बरोबर, पण तडजोड म्हटली की आपल्याला हरल्यासारखं वाटतं, लग्नात आणि राजकारणात करतात तशी.

शब्द होते सगळे. जिभेवर एकही बसत नव्हता. तेवढ्यात मामीचा फोन आला, आंबे आलेत, येतेस का? मी लॅपटॉप पाठीला मारला आणि शिराळ्याला गेले.

शिराळा म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'नागांचं का?' हो, तेच, बत्तीस शिराळा, नागपंचमीवालं. पण मे महिन्यात तिथे नागांपेक्षा भाताचं बोलणं जास्त असतं. सांगली जिल्हा म्हणजे ऊस आणि द्राक्षं एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी: शिराळा तालुका पश्चिमेकडचा, चांदोलीच्या डोंगरांच्या अंगाचा, पावसाचा. इथे बरंच भात रोपं लावून करत नाहीत. पाऊस येण्याआधीच, कोरड्या धुळीसारख्या झालेल्या मातीत बी पेरून ठेवतात. धूळवाफ पेरणी. आणि ही पेरणी होते कुरीनं.

माझा मामा सुतार आहे. घराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये लग्नाच्या सीझनचे पलंग, शोकेस, देव्हारे. पण मेमध्ये पलंग भिंतीला टेकवले जातात आणि दारात कुऱ्यांची रांग लागते. ट्रॅक्टरनं पेरणारे आता पुष्कळ झालेत. तरी उताराच्या छोट्या तुकड्यांत ट्रॅक्टर फिरवायचा कसा? तिथे बैल आणि कुरीच लागते.

कुरी कधी नीट बघितलीय का तुम्ही? मीही आजवर येता-जाता बघितली होती, तेवढीच. एक आडवं जाड लाकूड, ते दिंड. त्यात ठोकलेले फण, जमिनीत चर पाडणारे. प्रत्येक फणामागे बांबूची पोकळ नळी. सगळ्या नळ्या वर एका लाकडी वाटीच्या भोकांत येऊन मिळतात, ते चाडं. मागून चालणारी बाई चाड्यावर मूठ धरते आणि बोटांतून बी सोडत जाते. एका मुठीतून चार ओळींत सारखं बी. मधेच एखादी नळी मातीनं तुंबली तर त्या ओळीत बी पडत नाही, म्हणून तिची एक नजर सतत खाली असते.

माझ्या यादीत 'सिस्टिम', 'इनपुट', 'आउटपुट', 'कंट्रोल', 'फीडबॅक' असे पाच शब्द ओळीनं होते. पाचही माझ्यासमोर बाभळीच्या लाकडात उभे होते.

त्या दिवशी एक काका आले. तक्रार अशी की गेल्या साली कोळपताना रोपं उपटली. मामानं कुरीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, कोळपं कुणाकडनं केलंय? पास किती लांबीची? रान मुरमाड का काळं? बैल त्येच हाईत का बदललं? मूठ कोण धरतं? मला आमच्या वर्कशॉपमधली ती हसऱ्या चेहऱ्याची फॅसिलिटेटर आठवली, तिनं 'युजर रिसर्च' या शब्दावर चाळीस मिनिटं घेतली होती.

भानगड अशी होती: कुरीच्या दोन फणांमधलं अंतर म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं अंतर. पुढे तण काढायला कोळपं चालतं ते त्याच मोकळ्या पट्ट्यातून. कोळप्याची पास त्या पट्ट्यापेक्षा रुंद असेल तर रोपं जाणार, फार अरुंद असेल तर तण राहणार. म्हणजे मेमधल्या अवजाराचं माप जुलैमधल्या अवजारावर ठरतं. मामानं पेन्सिल कानामागून काढली, दिंडावर रेघ मारली आणि म्हणाला, "दोन सूत हिकडं घेऊ, दोन सूत तिकडं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सुतांचा इंच. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसवताना कारागिराच्या तोंडी हा शब्द तुम्ही ऐकला असेल, आणि माझ्यासारखंच दुर्लक्ष केलं असेल. माझ्या यादीत 'टॉलरन्स' या शब्दापुढे मी कोशातून 'सह्यता' लिहिलं होतं. मी मामाला विचारलं, किती फरक चालतो? "चाड्याला चालतो दोन-तीन सूत. फणाला अर्धं सूत बी न्हाई. पाचर जाम बसाय पाहिजे, न्हाईतर पैल्याच ढेकळाला फण हातात येतंय." कुठे ढिलं चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही, हे ज्याला कळतं तो इंजिनिअर असं मला एका इंजिनिअर मित्रानं सांगितलं होतं. मामा आठवीत गणितात नापास झाला आणि त्यानं शाळा सोडली.

मी यादीत 'सह्यता' खोडलं नाही. त्याच्याखाली 'सूत' लिहिलं.

गंमत म्हणजे सूत हे सूतही आहे. धागा. माप घ्यायला दोरी धरायची म्हणून ती धरणारा सूत्रधार, आणि सूत्रधाराचाच घासून घासून झाला सुतार. नाटकातला सूत्रधार आणि आमचा मामा एकाच शब्दाची दोन पोरं. एक रंगमंचावर गेला, एक पत्र्याच्या शेडमध्ये.

धाग्याच्या सुतावरून आणखी एक गोष्ट सांगते. माझ्या यादीत 'डिझाइन ब्रीफ' आणि 'स्पेसिफिकेशन' हे दोन शब्द होते, आणि उदाहरण सापडत नव्हतं. ते सापडलं १९२९ मध्ये. त्या वर्षी गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी स्पर्धा जाहीर केली. बक्षीस किती? एक लाख रुपये. १९२९ चे! आणि अटी बघा. चरखा हलका हवा, उचलून नेता यायला हवा. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालायला हवा. एका बाईला सलग आठ तास फार न दमता चालवता यावा. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० यार्ड सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर नको. भारतातच बनावा. वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको.

वाचा पुन्हा. वापरणारी कोण, ती कुठे राहते, तिच्या अंगात किती ताकद आहे, तिच्या घरात जागा किती, तिच्याकडे पैसे किती, आणि वस्तू मोडल्यावर काय. हल्लीच्या किती क्लायंट्सच्या ब्रीफमध्ये शेवटचा मुद्दा असतो? फोनची बॅटरी बदलून मिळत नाही आपल्याला!

आणि या ब्रीफवर काम करणाऱ्यांत आमच्याच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी होती. तिथे खरोखर एक चरखा बनला, परीक्षेलाही गेला. उतरला नाही. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. मला ही गोष्ट फार आवडते. अटी खऱ्या होत्या, म्हणून नापास होणंही खरं होतं.

किर्लोस्करांना तसा नकार नवा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला १९०३ मध्ये, बेळगावात. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि त्याच नांगरांनी ती चालवली. आमच्या भागात हा इतिहास 'उद्योजकता' या धड्याखाली शिकवतात. 'वापरणाऱ्याचं म्हणणं काय?' या धड्याखाली कुणी शिकवत नाही.

जुन्या गावात हे म्हणणं ऐकण्याची एक पद्धत होती: बलुतं. शेतकऱ्यानं सुताराला सुगीला धान्य द्यायचं आणि सुतारानं वर्षभर त्याची औतं धड ठेवायची. तुमच्या भाषेत अॅन्युअल मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट. बनवणारा आणि वापरणारा एकाच गावात, फण मोडला तर संध्याकाळी दारात उभा. यापेक्षा वेगवान फीडबॅक कुठे मिळणार? पण या बलुत्यावर हळवं व्हायला मला कुणी सांगू नये. माझ्या पणजोबांना सुताराखेरीज दुसरं काही व्हायची मुभा नव्हती, आणि गावातल्या दुसऱ्या कुणाच्या हुशार पोराला सुतार व्हायची नव्हती. त्यांना धान्य मिळायचं ते मागच्या दारानं, आणि किती मिळणार ते देणारा ठरवायचा. ज्ञान होतं, मान नव्हता. शाळा आली ती पाटी-पेन्सिल घेऊन आली, रंधा-पटाशी बाहेरच राहिली.

तिला आत आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरची 'नई तालीम' ही त्यातली सगळ्यात गाजलेली. मला स्वतःला जास्त जवळचे वाटतात डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतली डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी. म्हणजे तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोरचं स्वप्नच. ते सोडून हा माणूस १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, दुष्काळी गावात गेला आणि 'विज्ञान आश्रम' काढला. कल्पना साधी: शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं खरं काम करायचं. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, जनावरं, स्वयंपाक आणि आरोग्यसुद्धा. आणि ते काम गावातल्या खऱ्या माणसाच्या उपयोगी पडलं पाहिजे. दहावीच्या बोर्डानं 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणून हा विषय मान्य केला. किल्लारीच्या भूकंपानंतर (१९९३) तिथे पाबळचे घुमट गेले, त्रिकोण जोडून केलेली घरं. २००२ मध्ये तर अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब पाबळला आली, त्यांच्या देशाबाहेरची पहिली. लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटर हे शब्द आपल्या ऑफिसांत रुळायच्या कितीतरी आधी! कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम आहे.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनीही त्याच सुमाराला एक छान प्रयोग केला होता. शहरातली इंग्रजी शाळा, शहरातली मराठी शाळा आणि आदिवासी आश्रमशाळा अशा तीन ठिकाणच्या सहावीच्या वयाच्या मुलांना त्यांनी तीन कामं दिली: पिशवी शिवा, वजन उचलणारी पवनचक्की करा, बाहुली करा. आधी चित्र काढा, कुठलं सामान किती लागेल ते लिहा, मग करा, मग ती चालते का ते एकमेकांना सांगा. पवनचक्की फिरली की नाही हे ठरवायला मार्क लागत नाहीत. वजन वर जातं किंवा जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला माझी यादी वाचून दाखवली. त्याला करमणूक वाटली असावी. 'इटरेशन' म्हणजे काय गं? म्हटलं, एकदा करायचं, बघायचं, चुकलं तर बदलून परत करायचं, परत बघायचं. मामा म्हणाला, "म्हंजी करून बघायचं." मी गप्प. करून बघणं! 'मी भाजी करून बघते', 'तू बोलून बघ', 'घालून बघ की'. आपण दिवसातून वीस वेळा हे क्रियापद वापरतो. त्यात करणं आहे, तपासणं आहे, आणि चुकायची परवानगीही आहे. कोशातल्या 'पुनरावर्तना'त ती परवानगी कुठे आहे? हा एक शब्द मी त्या यादीत सगळ्यात ठळक टाइपात टाकला.

'मटेरियल सिलेक्शन'वर तो स्वतःच बोलत सुटला. दिंडाला आणि फणाला बाभळ, कारण चिवट. सागवान देखणा, पण तो शोकेसला. नळीला बांबू, पोकळ तयारच मिळतो, कशाला भोक पाडत बसायचं? फण पाचरीवर बसवायचा, खिळ्यावर नाही, म्हणजे मोडला तर तेवढाच बदलता येतो. (मॉड्युलर. मी काही बोलले नाही.) 'एस्थेटिक्स'ला मात्र त्यानं हात झटकले. "कुरीला कसली आलीय शोभा?" मग थोड्या वेळानं मला दिसलं की दिंडाच्या दोन्ही टोकांना त्यानं कमळाची पाकळी कोरलीय. कुणी मागितली नव्हती. दर कुरीला असते.

१९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं आपल्याकडे फिरलं आणि त्यांनी अहवाल लिहिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं? लोट्याचं. कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, रिकामा कसा वाटतो, भरलेला कसा. त्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. १९६९ मध्ये पवईला आयआयटीत आयडीसी आली. उत्तम संस्था. फक्त माझ्या मनात एक किरकिर राहते: लोटा डिझाइनच्या कॉलेजात गेला, तांबटाचं काय?

माझी मामेबहीण बारावीला आहे. हात तिचाही मामाचाच. वहीच्या मागच्या पानांवर कुऱ्या, सायकलची चेन, कोंबडीचे पाय, सगळं समोरून, बाजूनं, वरून काढलेलं. कुणी शिकवलेलं नाही. तिला डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यायचीय. आयआयटी मुंबई २०१५ पासून घेते ती यूसीड. मामाला फार्मसी बरी वाटते. "मेडिकल दुकान तरी टाकता येतंय." मी तिच्या बाजूनं बोलले, मामीनं पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि म्हणाली, "लाकडातनं बाहेर काढायला शिकवतोय तिला, आनि तू परत लाकडातच घाल म्हनतीस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाच्या दोन बोटांची टोकं नाहीत. रंध्याच्या मशीननं नेली.

रात्री ती माझ्या शेजारी बसून मोबाइलवर कॉलेजचा फॉर्म भरत होती. 'वडिलांचा व्यवसाय' इथे थांबली. शाळेत असताना ती 'बिझनेस' लिहायची, मला माहीत होतं. वर्गात कुणी काही म्हणायला नको म्हणून.

"सूत्रधार लिही," मी म्हटलं आणि तिला तो शब्दाचा इतिहास सांगितला.

"ताई, नाटक कंपनी वाटंल."

यादीत पाच पर्याय होते. शेती, नोकरी, व्यवसाय, मजुरी, इतर. बराच वेळ ती अंगठा 'व्यवसाय'वर धरून बसली. मग 'इतर' दाबलं. खाली एक बारकी चौकट उघडली: तपशील द्या, वीस अक्षरं. तिनं 'सुतार' लिहिलं. पुसलं. शेडमध्ये मामा दिवा लावून अजून काम करत होता, त्या काकांची कुरी सकाळी द्यायची होती.

"अगं ताई, 'शेतीची अवजारं तयार करणे' बसतंय का बघ की."

मी मोजून बघितलं. नाही बसलं. तिनं फोन माझ्या हातातून परत घेतला आणि एकेक अक्षर कमी करत पुन्हा लिहायला लागली.